ए-५३-टी अल्फा-सिन्युक्लीनचं प्लास्मिड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रयोगशाळेतला प्लास्मिडांचा फ्रीजर माझ्याकडे असतो. नवीन आलेला प्रत्येक जण पहिल्याच आठवड्यात हातात एक नळी घेऊन माझ्यासमोर उभा राहतो आणि साधारण हेच प्रश्न विचारतो. तोंडी उत्तरं देऊन कंटाळले, म्हणून एकदाची लिहून काढली. क्रम ज्या क्रमाने प्रश्न येतात तोच ठेवलाय.

हे प्लास्मिड म्हणजे नक्की काय आहे?

डीएनएचं एक छोटं गोल कडं. जीवाणूच्या मुख्य गुणसूत्रापासून वेगळं राहतं आणि स्वतःच्या प्रती स्वतः काढून घेतं. आपलं कडं पीटी-७-७ जातीचं आहे, म्हणजे रिकामं असताना साधारण अडीच हजार अक्षरांचं. त्यावर प्रती काढण्याची सुरुवातीची जागा आहे, अँपिसिलिन या अँटिबायोटिकला दाद न देणारं जनुक आहे, टी-७ विषाणूचा प्रमोटर (जिथून जनुक वाचायला सुरुवात होते ती जागा) आहे, त्याला लागून राइबोसोम, म्हणजे प्रथिन बनवणारं यंत्र, बसण्याची जागा आहे. आणि तिच्यापुढे माणसाचं अल्फा-सिन्युक्लीनचं जनुक, एका अक्षराचा बदल केलेलं. हे कडं ई. कोलायमध्ये घातलं की जीवाणू ते मानवी प्रथिन बनवून देतो. एवढ्यासाठीच ते आहे.

ए-५३-टी म्हणजे काय?

प्रथिनातल्या ५३ व्या जागी अलॅनीन हे अमिनो आम्ल असायला हवं, तिथे थ्रिओनीन आलंय. ‘ए’ अलॅनीनचा, ‘टी’ थ्रिओनीनचा. डीएनएत तीन-तीन अक्षरांची एकेक तिकडी एकेका अमिनो आम्लाची असते. तिथे पाहिलं तर जी-सी-ए या तिकडीतलं पहिलं अक्षर बदलून ए-सी-ए झालंय.

हा बदल कुणी प्रयोगशाळेत बसून शोधून काढलेला नाही. दक्षिण इटलीतल्या कोंतुर्सी गावाशी नातं असलेल्या एका मोठ्या घराण्यात पार्किन्सनचा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता. १९९७ मध्ये त्या घराण्यात आणि काही ग्रीक कुटुंबांत हा बदल सापडला. पार्किन्सनशी थेट जोडलेला हा पहिला जनुकीय बदल. त्याच वर्षी आणखी एक गोष्ट उघड झाली. रुग्णांच्या मेंदूतल्या पेशींत दिसणाऱ्या लुई पिंडांमध्ये, ज्यांचं वर्णन १९१२ पासून पुस्तकांत होतं, मुख्यतः हेच प्रथिन साचलेलं असतं. अशा घराण्यांतले रुग्ण एकूण रुग्णांत फारच थोडे. पण ज्यांच्या घराण्यात आजार नाही, अशा रुग्णांच्या मेंदूतही साचतं तेच प्रथिन. म्हणून एवढ्या दुर्मीळ बदलावर एवढी मेहनत.

जुन्या शोधनिबंधात बदल २०९ व्या अक्षरावर लिहिलाय, नव्यात १५७ व्या. माझं प्लास्मिड चुकीचं आहे का?

नाही. मोजायला सुरुवात कुठून केली एवढाच फरक. जुन्या पद्धतीत जनुकाच्या प्रतीचं पहिलं अक्षर म्हणजे एक, आणि प्रथिन सुरू होण्याआधीचा तुकडाही त्यात धरलेला. आता प्रथिनाच्या पहिल्या तिकडीपासून मोजतात. ५३ वी तिकडी १५७ व्या अक्षराला सुरू होते, हिशेब करून बघा. दरवर्षी कुणीतरी यावरून रात्र घालवतं.

माणसाचं जनुक जीवाणूला वाचता कसं येतं?

जसंच्या तसं नाही येत. माणसाच्या चौथ्या गुणसूत्रावर हे जनुक एक लाखापेक्षा जास्त अक्षरांवर पसरलंय, आणि मधेमधे कापून टाकायचे लांबलचक तुकडे आहेत. आपली पेशी ते कापून जोडते. जीवाणूला ती कला अवगत नाही. म्हणून आधीच कापून-जोडून झालेल्या आरएनएवरून उलटी प्रत काढलेली असते आणि तीच प्लास्मिडात घालतात. १४० अमिनो आम्लांची ४२० अक्षरं आणि थांबा सांगणारी ३, एकूण ४२३. संपूर्ण मानवी भाग एवढाच. तिकडीचा अर्थ मात्र माणसात आणि जीवाणूत सारखाच. निदान कागदावर. याला एक अपवाद आहे, तो पुढे सविस्तर सांगते, कारण तो नेमका याच प्रथिनात आडवा येतो.

नळी आली. आता काय करू?

प्लास्मिड बँकेकडून येतं ते बहुधा अगारमध्ये टोचलेल्या जीवाणूंच्या नळीत. तळाशी पिवळसर जेली, तिच्यात सुई खुपसल्याची धूसर रेघ. ती रेघ म्हणजे जीवाणू. तिथून थेट मोठ्या फ्लास्कमध्ये घालायचा मोह होतो. तो आवरा. आधी अँपिसिलिनच्या प्लेटवर रेघोट्या ओढून सुट्या कॉलनी मिळवा, दोन-तीन वेगवेगळ्या कॉलनी रात्रभर वाढवा, प्लास्मिड काढा आणि पूर्ण जनुक सिक्वेन्स करून घ्या. टी-७ प्रमोटरचा प्रायमर एकटा पुरतो, ४२३ अक्षरं एका वाचनात आरामात बसतात. खात्री पटली की मगच ग्लिसेरॉल घालून उणे ८० ला ठेवा.

सिक्वेन्सिंगचा खर्च वाचवला तर चालेल का, असं विचारणाऱ्यांसाठी माझीच गोष्ट. सुरुवातीच्या काळात मी तीन महिने एका ‘ए-५३-टी’ नळीवर काम केलं. प्रथिन भरपूर, स्वच्छ, आणि वागणूक तंतोतंत मूळ प्रथिनासारखी. मी त्यावर एक सिद्धांतही रचला होता, आमचं बफर बदलाचा परिणाम कसा झाकतं वगैरे. शेवटी सिक्वेन्स केला. ५३ व्या जागी जी-सी-ए. कुणीतरी कधीतरी झाकणं अदलाबदल केली होती. त्या दिवसापासून झाकणावर लिहिलेलं मी नळीचं टोपणनाव समजते. खरं नाव आत असतं.

प्लास्मिड ज्या जीवाणूत आलं त्यातच प्रथिन का बनत नाही?

कारण तो जीवाणू साठवणुकीसाठी आहे, उत्पादनासाठी नाही. डीएच-५-अल्फासारख्या जाती प्लास्मिड नीट सांभाळतात, पण टी-७ प्रमोटर वाचणारं पॉलिमरेज (जनुकाची आरएनए प्रत काढणारं विकर) त्यांच्याकडे नसतं. ई. कोलायचं स्वतःचं पॉलिमरेज त्या प्रमोटरकडे ढुंकूनही बघत नाही. त्यासाठी बीएल-२१-डीई-३ लागतो. त्याच्या गुणसूत्रात टी-७ पॉलिमरेजचं जनुक घातलेलं आहे. ही व्यवस्था स्टडियर आणि मोफॅट यांनी १९८६ मध्ये मांडली आणि अजून तीच चालते. शिवाय बीएल-२१ मध्ये प्रथिनं तोडणारी दोन विकरं, लॉन आणि ओम्प-टी, नसतात, त्यामुळे बनलेला माल टिकतो.

म्हणून दोन घरं ठेवा. डीएच-५-अल्फा हे कायमचं घर, बीएल-२१ कामापुरतं. बीएल-२१ मधला ग्लिसेरॉल स्टॉक वर्षानुवर्षं वापरू नका.

का नको? दर वेळी नव्याने ट्रान्सफॉर्म करायला, म्हणजे जीवाणूत प्लास्मिड घालायला, वेळ जातो.

जातो. पण पीटी-७-७ वर लॅक रिप्रेसरचं, म्हणजे जनुक वाचणं रोखणाऱ्या प्रथिनाचं, जनुक नाही, आणि प्रमोटरजवळ त्या रिप्रेसरला बसायला जागाही नाही. पुढच्या पिढीतल्या बऱ्याच पीईटी प्लास्मिडांवर दोन्ही असतं. इथे लगाम फक्त जीवाणूच्या गुणसूत्रावरच्या पॉलिमरेजला आहे आणि तो सैल आहे. आयपीटीजी (हा लगाम सोडवणारं रसायन) न घालताही थोडं थोडं प्रथिन झिरपत राहतं. जो जीवाणू हे ओझं टाकून देतो तो जोरात वाढतो, आणि काही फेऱ्यांनंतर तुमच्या स्टॉकमध्ये तेच उरतात. ‘गेल्या वर्षी भरपूर यायचं, यंदा काहीच येत नाही’ या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं. रात्रीच्या कल्चरमध्ये एक टक्का ग्लुकोज घातलं की झिरपणं कमी होतं.

अँपिसिलिन किती? आणि कॉलनीभोवती बारीक बारीक ठिपके कसले?

१०० मायक्रोग्रॅम दर मिलीलीटर. ठिपके म्हणजे उपटसुंभ. खऱ्या कॉलनीतून बाहेर पडणारं बीटा-लॅक्टमेज आजूबाजूचं अँपिसिलिन संपवतं आणि त्या मोकळ्या जागेत प्लास्मिड नसलेले जीवाणू उगवतात. प्लेट १६-१८ तासांत बाहेर काढा, मधली मोठी कॉलनी उचला. कार्बेनिसिलिन वापरलंत तर हा त्रास कमी होतो, ते जास्त टिकतं. रात्रभराचं कल्चर नव्या माध्यमात टाकण्याआधी सेंट्रिफ्यूज करून जुनं माध्यम फेकून द्या, नाहीतर त्यातलं विकर नव्या अँपिसिलिनचाही फडशा पाडतं.

आयपीटीजी कधी आणि किती?

ओडी (कल्चरचा गढूळपणा) ०.६ ते ०.८ झाल्यावर, १ मिलिमोलर, ३७ अंशांवर चार-पाच तास. बाकीच्या प्रथिनांसाठी तापमान उतरवायचं, रात्रभर ठेवायचं, अशी जी कसरत करावी लागते तिची इथे गरज नाही. हे प्रथिन विरघळलेलंच राहतं.

प्रथिनावर टॅग (पकडून वेगळं काढायला जोडलेला तुकडा) नाही. मग शुद्ध कसं करायचं?

उकळून! नवीन लोकांचा यावर विश्वास बसत नाही. इतकी वर्षं शिकवलेलं असतं की प्रथिन बर्फावर ठेवा, आणि इथे मी सांगते की उकळत्या पाण्यात घाला. पण अल्फा-सिन्युक्लीनला मुळात घडीच नसते. एकटं पाण्यात असताना ते सैल दोऱ्यासारखं असतं, त्यामुळे उष्णतेने उलगडण्यासारखं त्यात काही नाही. जीवाणूची बहुतेक प्रथिनं मात्र घडीची. ती गरम झाली की उलगडतात आणि एकमेकांना चिकटतात.

पेशी फोडलेला रस बंद नळीत, ९५ ते १०० अंशांच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं. पहिल्या दोन मिनिटांत काहीच होत नाही. मग करड्या-पिवळ्या रसात कडेने पांढरट धागे दिसू लागतात आणि बघता बघता सगळं नासलेल्या दुधासारखं होतं. घाबरू नका, हेच हवंय. जोरात सेंट्रिफ्यूज करा. खाली घट्ट पांढरा गोळा, वर जवळजवळ पाण्यासारखा स्वच्छ द्रव. तुमचं प्रथिन वरच्या द्रवात. एकदा एकाने सवयीने वरचा द्रव सिंकमध्ये ओतला आणि गोळा जपून ठेवला. तेव्हापासून मी शेजारी उभी राहते.

त्या द्रवात अजून डीएनए आणि थोडी उष्णता सोसणारी प्रथिनं असतात. डीएनए स्ट्रेप्टोमायसिन सल्फेटने खाली बसवतात, प्रथिन अमोनियम सल्फेटने. मग ऋणभार पकडणारा क्यू कॉलम. प्रथिनाचं शेपूट ऋणभाराने भरलेलं आहे, त्यामुळे ते घट्ट बसतं आणि साधारण ३०० मिलिमोलर मिठाला सुटतं. शेवटी आकारानुसार वेगळं करणारा कॉलम.

दुसरीही वाट आहे. जीवाणूत हे प्रथिन बऱ्याच प्रमाणात दोन आवरणांच्या मधल्या जागेत जाऊन बसतं, त्यामुळे पेशी न फोडता साखरेचं द्रावण आणि मग थंड पाणी, असा झटका देऊनही ते बाहेर काढता येतं. माल जास्त स्वच्छ मिळतो, पण हात बसायला वेळ लागतो. पहिल्यांदा उकळाच.

वजन साडेचौदा किलोडाल्टन, मग जेलवर पट्टी १८ च्या आसपास कशी?

ऋणभारित शेपटामुळे जेलसाठी घातलेलं एसडीएस, म्हणजे एक प्रकारचा साबण, नेहमीसारखं चिकटत नाही आणि प्रथिन जेलमधून हळू सरकतं. पट्टी बरोबर आहे. आकाराच्या कॉलमवर तर याहून मोठा चकवा बसतो. तिथे ते ५०-६० किलोडाल्टनच्या घट्ट गोळ्यासारखं लवकर बाहेर येतं आणि लोक ‘चौकडी सापडली!’, म्हणजे चार रेणूंचा जोड सापडला, म्हणत धावत येतात. घडी नसलेला दोरा जास्त जागा व्यापतो, एवढंच आहे ते. वजन पाहिजे तर मास स्पेक्ट्रोमीटरवर बघा. मूळ प्रथिन १४,४६० डाल्टन, ए-५३-टी त्याहून ३० ने जड.

मुख्य पट्टीच्या वर दुप्पट वजनाच्या जागी एक फिकी पट्टी आहे. ती काय?

आता तो अपवाद. ती पट्टी डीटीटी किंवा मर्कॅप्टोइथेनॉल ही बंध तोडणारी रसायनं घातल्यावर नाहीशी होत असेल, तर दोन रेणू गंधकाच्या बंधाने जोडले गेलेत. पण असा बंध बांधणारं अमिनो आम्ल म्हणजे सिस्टीन, आणि मानवी अल्फा-सिन्युक्लीनमध्ये ते एकही नाही! मग हा बंध आला कुठून?

जीवाणूच्या वाचनातल्या चुकीतून. या प्रथिनात टायरोसीन चार आहेत: ३९, १२५, १३३ आणि १३६ व्या जागी. मानवी जनुकात पहिल्या तिघांची तिकडी टी-ए-टी आहे, शेवटच्याची टी-ए-सी. दोन्हींचा अर्थ टायरोसीनच. पण ई. कोलायमध्ये १३६ व्या जागी ती टी-ए-सी काही वेळा टी-जी-सी असल्यासारखी वाचली जाते, आणि टी-जी-सी म्हणजे सिस्टीन. हे क्वचित कधीतरी नव्हे, साधारण पाचातल्या एका रेणूत होतं. २००६ मध्ये हे प्रसिद्ध झालं, आणि त्याआधी जोडीच्या रेणूंबद्दल लिहिलेल्या बऱ्याच गोष्टी लोकांना पुन्हा तपासाव्या लागल्या.

उपाय सोपा आहे. १३६ वी तिकडी टी-ए-सी ची टी-ए-टी करायची. प्रथिन तेच राहतं, चूक थांबते. म्हणून सिक्वेन्स आला की ५३ बघून खूश होऊन फाइल बंद करू नका, १३६ ही बघा. तिथे टी-ए-सी असेल तर तुमचं प्लास्मिड जुन्या वाणाचं आहे. मास स्पेक्ट्रोमीटरवर मुख्य शिखराच्या ६० डाल्टन खाली दुसरं शिखर दिसेल, तेच सिस्टीनवालं प्रथिन.

मला यातली गंमत अशी वाटते की डीएनए शंभर टक्के बरोबर आहे. सिक्वेन्सिंगने पकडता येण्यासारखी चूक त्यात नाहीच. चूक वाचणाऱ्याची आहे.

ब्रॅडफर्डने, म्हणजे रंग घालून, प्रथिन मोजलं तर?

मोजू नका, आकडा भरवशाचा येत नाही. २८० नॅनोमीटरवर मोजा. ट्रिप्टोफॅन नाही, चार टायरोसीन आहेत, गुणांक ५,९६०. एक मिलिग्रॅम दर मिलीलीटरला शोषण जेमतेम ०.४१ येतं, तेव्हा थोडा डीएनए शिल्लक राहिला तरी आकडा फुगतो. २६० चं वाचन नेहमी सोबत घ्या.

मूळ, न बदललेलं प्रथिनही बनवावं लागेल का?

हो. आणि त्याच आठवड्यात, त्याच बफरमध्ये, त्याच हातांनी. दुसऱ्याने गेल्या वर्षी बनवलेलं मूळ आणि तुमचं ताजं ए-५३-टी यांची तुलना म्हणजे दोन माणसांच्या हातांची तुलना.

जाता जाता: उंदराच्या मूळ प्रथिनात ५३ व्या जागी थ्रिओनीनच असतं आणि उंदीर मजेत जगतो. हा बदल आजार घडवतो असं सरसकट म्हणण्याआधी त्याची आठवण ठेवा. माणसाच्या आणि उंदराच्या प्रथिनात बाकीही काही जागा वेगळ्या आहेत.

जीवाणूने बनवलेलं प्रथिन माणसातल्यासारखंच असतं का?

अमिनो आम्लांचा क्रम तोच. पण माणसाच्या पेशीत या प्रथिनाच्या पहिल्या टोकाला अॅसिटिल गट लागतो, जीवाणूत लागत नाही. पटलाला चिकटण्याचा अभ्यास करणार असाल तर हा फरक जाणवतो. तेव्हा यीस्टचं नॅट-बी विकर दुसऱ्या प्लास्मिडावरून सोबत बनवून घेतात, मग जीवाणूतही तो गट लागतो. त्या दुसऱ्या प्लास्मिडाचं अँटिबायोटिक वेगळं हवं, हे सांगायला नको. लुई पिंडांतल्या प्रथिनावर १२९ व्या सेरीनला फॉस्फेट असतं, तेही जीवाणू लावत नाही.

प्रथिनाचे रेणू एकमेकांना चिकटून होणारे तंतू किती दिवसांत बनतात?

३७ अंशांवर सतत हलवत ठेवलं तर काही दिवसांत, आणि ए-५३-टी मूळ प्रथिनापेक्षा लवकर. नेमका आकडा मागू नका. हलवण्याचा वेग, नळीचा आकार, मीठ, आत सोडलेला काचेचा मणी, सगळ्याने तो बदलतो. थायोफ्लेविन-टी (तंतूंना चिकटून चमकणारा रंग) घालून साधारण ४८० नॅनोमीटरवरचा प्रकाश बघायचा: आधी बराच वेळ सपाट रेघ, मग एकदम चढ. सुरुवातीलाच जुन्या गुठळ्या असतील तर सपाट भाग नाहीसा होतो आणि तुम्हाला वाटतं बदलाचा परिणाम काय जबरदस्त आहे. म्हणून प्रयोगाच्या दिवशी प्रथिन पुन्हा आकाराच्या कॉलममधून काढा, किंवा निदान १०० किलोडाल्टनच्या फिल्टरमधून गाळा. शिवाय एका नळीवरून काही म्हणू नका, दर वेळी चार-पाच तरी लावा.

याने मला पार्किन्सन होईल का?

प्लास्मिडाने किंवा जीवाणूने नाही. या ई. कोलाय जाती प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या पाळलेल्या, सर्वात खालच्या धोक्याच्या वर्गातल्या. नेहमीचे हातमोजे, कोट आणि टाकण्याआधी ऑटोक्लेव्ह, एवढं पुरे.

तयार तंतूंची गोष्ट वेगळी. तोडून बारीक केलेले तंतू उंदरांच्या मेंदूत टोचले की तिथलं प्रथिनही त्यांच्यासारखं साचायला लागतं. माणसाला प्रयोगशाळेतून असं झाल्याची नोंद नाही, तरी तंतू सोनिकेट करताना, म्हणजे ध्वनिलहरींनी तोडताना, उडणारे तुषार श्वासात जाऊ देऊ नका: नळी बंद, काम हुडखाली. टेबल पुसायला एक टक्का एसडीएस वापरा. फक्त अल्कोहोलने पुसून तंतू जात नाहीत.

हेच प्लास्मिड चेतापेशीत घातलं तर?

काहीही होणार नाही. टी-७ प्रमोटर आपल्या पेशींना वाचता येत नाही. त्यासाठी सस्तन पेशींचा प्रमोटर असलेलं वेगळं प्लास्मिड घ्या.

मला ए-३०-पी किंवा ई-४६-के, म्हणजे याच प्रथिनातला दुसरा बदल, हवा आहे. नवीन मागवू की यातूनच करू?

यातून नको. मूळ प्रथिनाच्या प्लास्मिडातून करा, नाहीतर एका रेणूत दोन बदल होतील (तेच हवं असेल तर गोष्ट वेगळी). बदल मध्यभागी असलेले दोन प्रायमर, पूर्ण कडं फिरून येणारा पीसीआर, मग डीपीएन-१. हे विकर मिथिल लागलेला जुना साचा तोडतं आणि नवी प्रत सोडतं. साचा डीएच-५-अल्फासारख्या मिथिल लावणाऱ्या जातीतून काढलेला हवा, नाहीतर तो तुटत नाही आणि प्लेटभर जुन्याच कॉलनी उगवतात. १३६ दुरुस्त केलेला साचा घ्या. आणि नंतर पूर्ण जनुक सिक्वेन्स करा, फक्त बदलाची जागा नाही. पीसीआरलाही स्वतःची अक्षरं घालायची खोड असते.

दुसऱ्या प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीला थोडं देऊ का?

परस्पर नको. प्लास्मिड आलं तेव्हा संस्थेने साहित्य हस्तांतरणाचा करार केलेला असतो आणि पुढे देण्याच्या अटी त्यात असतात. तिला बँकेतून मागवायला सांगा, अॅडजीनसारख्या ना-नफा बँका त्यासाठीच आहेत. तिथे असलेला क्रमांक दिलात तर पुढे शोधनिबंधात तोच लिहिता येतो आणि वाचणाऱ्याला कळतं की १३६ ला टी-ए-सी होतं की टी-ए-टी.

झाकणावर काय लिहू?

जनुक, बदल, १३६ ची तिकडी, जीवाणूची जात, अँटिबायोटिक, तारीख, तुमची आद्याक्षरं. मावत नसेल तर बाजूच्या पट्टीवर लिहा, अल्कोहोलने न पुसल्या जाणाऱ्या पेनाने. ‘सिन-नवीन’ लिहिलेल्या अकरा नळ्या सध्या तिसऱ्या कप्प्यात आहेत. कुणाच्या आहेत ते येऊन सांगा.